टाकीतला गाळ

सिदूदादा सकाळी गाडी चालू करायचा, त्या आवाजानं आमचं घर जागं व्हायचं. जुनी डिझेल मोटार होती. चावी अर्धी फिरवून हीटर तापेपर्यंत तो थांबायचा. तेवढ्यात आईच्या चुलीत उसाचं पाचट भडकायचं, आणि मग इंजिन एकदा खोकून, सगळं अंग झाडून धडधडीला लागायचं. फडताळातल्या ताटल्या त्या धडधडीत एकमेकींवर वाजायच्या. तात्या, म्हणजे माझे वडील, अंथरुणात पडूनच कान द्यायचे आणि "लागली" एवढं म्हणून कूस बदलायचे. मागून कारखान्याचा भोंगा व्हायचा, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर सुरू व्हायचे, पण घराचं तिकडं लक्ष नसायचं. गाडी लागली म्हणजे दिवस धड जाणार, असा आमच्यात एक न बोललेला समज होता.

भवानीनगरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला आमची वस्ती. तात्या कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कालव्याखालचा आमचा तुकडा पुन्हा उसाखाली आणला आणि बारामतीतल्या एका डॉक्टरांनी वापरलेली ही पांढरी मोटार घेतली. आमच्या वस्तीत तोवर चारचाकी यायची ती पाहुण्याची, नाहीतर मतं मागायला आलेल्यांची. गाडी दारात आली त्या दिवशी सगळी वस्ती जमली, बुद्धवंदना झाली, आईनं बॉनेटवर पांढरी फुलं ठेवली आणि तात्यांनी खिशातून चावी काढून सगळ्यांसमक्ष सिदूदादाच्या हातात दिली. मी तेव्हा आयटीआयत डिझेल मेकॅनिकचा कोर्स संपवत आलो होतो, आणि तात्यांनी खिशात हात घातला तेव्हा माझा हात जरासा पुढं झाला होता. कुणी पाहिलं नसावं. मी तो मागं घेऊन केसांवरून फिरवला.

सिदूदादा माझ्या आत्याचा मुलगा. आत्या आणि तिचे यजमान एकापाठोपाठ गेले, तेव्हा तात्या मोरगावला जाऊन त्याला एसटीनं घेऊन आले. मी इतका लहान होतो की तो नसलेलं आमचं घर मला आठवतच नाही. बोलायचा कमी, पण बोलला की आईला पदर तोंडाला लावावा लागायचा. तव्यावर भाकरी टम्म फुगली की म्हणायचा, "मामी, ही बगा, निवडून आली." तात्या त्याला 'सिदबा' म्हणायचे. मला मात्र पूर्ण नावानं हाक मारायचे, मिलिंद. त्यात राग नव्हता, माया कमी होती असंही नाही. पण त्या वयात मी असल्या गोष्टी मनात धरून ठेवायचो. आज माझा मुलगा त्या वयाचा आहे. तो काय काय धरून ठेवत असेल, याची कधी कधी भीती वाटते.

गाडी लग्नाला जायची, दवाखान्याला जायची, पोरींना परीक्षेच्या गावी सोडायला जायची. डिझेल आम्ही पंपावर नेऊन भरत नसू. कालव्यावरच्या इंजिनाला लागतं म्हणून तात्या बॅरलच आणवायचे आणि ते घरामागं लिंबाखाली उभं असायचं. बॅरलमधून नळीनं कॅनमध्ये आणि कॅनमधून गाडीत, हे काम माझं. तो कॅन एकदा उन्हानं तडकला. दुसरा शोधताना मला माळ्यावर काकवीचा रिकामा कॅन सापडला.

आमच्याकडं गुऱ्हाळ लागलं की ओळखीच्या घरांचे कॅन तिथं जाऊन बसतात आणि मालक ज्याच्या त्याच्या कॅनात काकवी, म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा उसाचा दाट पाक, भरून ठेवतो. थंडीत बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर काकवी आणि वर तुपाची धार, याच्यापुढं आम्हाला दुसरं पक्वान्न ठाऊक नव्हतं. काकवी संपत आली की कॅनच्या तळाला साखरेचा दगडासारखा खडा धरतो. आई त्यात कढत पाणी घालून तो विरघळवायची आणि ते गोड पाणी लापशीला वापरायची. त्या वर्षी तिचं ते करायचं राहून गेलं होतं. आणि मी पडलो आयटीआयवाला. डिझेलच्या भांड्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हे आमच्याकडून घोकून घेतलेलं. म्हणून मी कॅन पाण्यानं धुतलाच नाही, डिझेलनं खंगाळला. डिझेल साखरेवरून नुसतं घरंगळतं. कॅन उलटा केला, काही पडलं नाही, म्हणजे स्वच्छ, असं मी ठरवलं आणि गाडी भरायला लागलो.

पावसाळ्यात गाडी धरायला लागली. सकाळी पांढरा धूर, चढाला दम नाही, उभी राहिली की इंजिन लंगडायचं. तोवर मी बारामतीत दत्ता मिस्त्रींच्या गॅरेजला लागलो होतो. सिदूदादानं गाडी तिथंच आणली. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवलं आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट पान्यानं सैल करत गेले. नट सैल केला आणि इंजिनचा आवाज पडला, तर ते नोझल काम करतंय. आवाजाला काहीच झालं नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. तिसऱ्याला आवाज हलला नाही. नोझल काढून टेस्टरला लावलं, हातानं पंप मारला. चांगलं नोझल धुक्यासारखा फवारा टाकतं. आमचं लाळ गाळल्यासारखं थेंब थेंब गळलं. टोकाला काळपट, लाखेसारखा थर होता आणि आतली सुई जाम झाली होती. साफ केलं, बसवलं, गाडी पाखरासारखी गेली. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, आता दुसरं नोझल. फिल्टर बदलला. पुन्हा तेच.

तिसऱ्या खेपेला मिस्त्री हात पुसत म्हणाले, "मिलिंदराव, तुमची गाडी रॉकेलवर पळतीया."

"न्हाय वो मिस्त्री. घरचं बॅरल हाय आमचं."

"बॅरल घरचं असंल. ड्रायव्हर?"

"ड्रायव्हरबी घरचाच हाय."

"मग तर बघायलाच नको," असं मिस्त्री म्हणाले आणि गॅरेजमधले सगळे हसले. मीही हसलो.

त्या काळी रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मारायचं आणि वाचलेलं डिझेल परस्पर विकायचं, हा धंदा भाड्याच्या गाड्यांवर चालायचा. रॉकेलनं सुई कोरडी पडून नोझल धरतं, हे खरंच आहे. मिस्त्रींचा अंदाज चुकला एवढंच. त्यांनी टाकी पाहिली नव्हती. पण हा अंदाज ते तात्यांच्या कानावर घालून बसले. घरी आल्यावर तात्या बराच वेळ हातपाय धूत राहिले.

मग एका लग्नात गाडी इंदापूरच्या रस्त्यावर बंद पडली. आत नवरदेव. मुंडावळ्या कानामागं टाकून नवरदेवानं स्वतः गाडी ढकलली, आणि हे दुसऱ्या दिवशी तात्यांच्या आधी एसटी स्टँडवर पोचलं. तात्या पेपर आणायला गेले तर चहाच्या टपरीवरून आवाज आला, "काय तात्या, ढकलायला माणसं हायत का पाठवू? आमच्याकडं दोन नवरदेव मोकळं हायत." तात्या कारखान्यात होते तेव्हा काट्यावर एका मोळीचा फरक त्यांच्या नावावर कधी लागला नव्हता, याची त्यांना फार मातब्बरी होती. त्यांच्या गाडीत भेसळ चालते असं कुणी म्हणावं, हे त्यांना गाडी बंद पडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवशी अंगणात त्यांनी सिदूदादाला विचारलं, सरळच. "सिदबा, टाकीत दुसरं काय घालतोस का रं?"

सिदूदादा चाकाशी उकिडवा बसला होता. त्याला आधी प्रश्न कळलाच नाही असं वाटलं. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. "मामा, मी?"

"मी इचारतोय फक्त."

"न्हाय, मामा." मग तो उठला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "आपल्या घरातच मेकॅनिक हाय की. मिलिंदाला टाकी उतरवू द्या. तो सांगंल ते खरं. रॉकेल निघालं तर मी चावी ठेवतो अन् जातो, पुन्ना तोंड दाखवत न्हाय."

"जायचं कशाला बोलतोस," आई आतून म्हणाली.

"न्हाय मामी, हे फिटलंच पायजे."

रविवारी आम्ही दोघांनी टाकी उतरवली. पट्टे गंजले होते. सिदूदादानं खालून पाठीवर वजन घेतलं आणि मी नट सोडले. टाकी जमिनीवर टेकली तेव्हा तो म्हणाला, "नीट बघ हां. माझ्यासाठी कायबी कमीजास्त सांगू नगंस." आणि आंघोळीला गेला. त्याला माझी खात्री होती.

मी टाकी तिरकी करून वरचं डिझेल उपसलं. तळाला मधासारखं दाट, तपकिरी काहीतरी हलत होतं. डिझेलमध्ये न मिसळणारं, खाली वेगळं बसलेलं. बोटावर घेतलं तर चिकट. पाण्याच्या बादलीत बोट बुडवलं तर क्षणात स्वच्छ. रॉकेल असं होत नाही, डिझेलचा कुठलाच गाळ पाण्यात विरघळत नाही. मी बोट जिभेला लावलं. आधी डिझेलचा कडवटपणा आला आणि त्याच्या मागून गोडी.

लिंबाखाली कॅन होता. मी तो उन्हाकडं धरला. तळाचा खडा झिजून कडेला वाटीसारखा उरला होता. पावसाळ्यात बॅरलमध्ये पाणी उतरायचं, ते डिझेलबरोबर कॅनात यायचं, खड्याला चाटायचं आणि साखर घेऊन टाकीत जायचं. तिथून फिल्टर पार करून नोझलच्या तापलेल्या टोकावर करपायचं. काहीही अवघड नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरानंही मांडून दाखवलं असतं. मी कॅन खाली ठेवला आणि त्याच्यावर पोतं टाकलं. का टाकलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्या वेळी मी काही ठरवलेलं नव्हतं, हात आपोआप गेला, असं बरीच वर्षं मी मानत आलो. ते खरं नाही. पोतं शोधायला मी पडवीत जाऊन आलो होतो.

दुपारी जेवायला बसलो. आईनं भरलेली वांगी केली होती, शेंगदाण्याची चटणी, भाकरी. तात्या भिंतीला, सिदूदादा त्यांच्या उजव्या हाताला, मी समोर. तात्यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "काय निघालं?"

"गाळ," मी म्हणालो.

"कसला?"

खरं सांगायला एवढंच लागत होतं: काकवीचा. हसले असते. मेकॅनिकनंच गाडीला काकवी पाजली म्हणून वस्ती वर्षभर हसली असती, मिस्त्रींनी मला चिडवून हैराण केलं असतं, तात्यांनी डोक्याला हात लावला असता. त्यापलीकडं काही झालं नसतं. मी तात्यांच्या उजव्या हाताकडं पाहत होतो, तिथं सिदूदादाचं ताट होतं.

"रॉकेलचा असंल का?" तात्यांनी विचारलं.

"असंल," मी म्हणालो.

एवढं एकच. मी त्याचं नाव घेतलं नाही, आळ घेतला नाही. 'असंल' म्हणालो आणि भाकरी मोडली. तात्यांनी मान वर केली नाही. सिदूदादानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, एखादा हिशोब जमत नसल्यासारखं. मग तो तात्यांकडं पाहत राहिला. तात्या काहीतरी बोलतील, निदान 'असंल म्हंजे काय रं' एवढं तरी मला विचारतील, असं त्याला वाटत असावं. मलाही वाटत होतं. तात्या बोलले नाहीत. सिदूदादानं ताटातलं संपवलं, ताट स्वतः घासलं, चावी खुंटीला अडकवली. आई दारापर्यंत त्याच्या मागं गेली, त्याच्या हाताला धरून काहीबाही बोलत राहिली. तो तिच्या पाया पडला आणि कालव्याच्या रस्त्यानं गेला. तात्यांनी त्याला हाक मारली नाही. ते त्याच जागी बसून होते, खरकटा हात वाळेपर्यंत.

पुढचं सांगायला मला सगळ्यात जड जातं. मी टाकी कढत पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली. चारी नोझलं साफ केली, फिल्टर नवा घातला. कॅन कालव्यात सोडला आणि बारामतीहून नवा आणला. त्यानंतर ती गाडी एकदाही धरली नाही. आणि यानंच सिदूदादावरचा आळ पक्का झाला. सिदू गेला आणि गाडी सुधारली, हे सगळ्या वस्तीनं डोळ्यांनी पाहिलं. तात्यांच्या मनात थोडी शंका शिल्लक होती, ती दर सकाळी पहिल्या चावीला लागणाऱ्या त्या इंजिनानं घालवली. चावी आता माझ्याकडं होती. तात्या 'लागली' म्हणायचे बंद झाले होते.

सिदूदादा इंदापूरला गेला, तिथंच राहिला, शाळेच्या बसवर ड्रायव्हर झाला. लग्न केलं, आम्हाला नंतर कळलं. माझ्या बहिणीच्या लग्नाला आला तर पाहुण्यांच्या पंगतीत बसून जेवला आणि आईला भेटून गेला. भवानीनगरहून इंदापूर किती लांब? माझं बारामतीत स्वतःचं गॅरेज झालं. त्या रस्त्यानं मी किती गाड्यांची ट्रायल घेतली असेल. इंदापूरच्या अलीकडं वळवून मागं यायचो.

तात्या गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. शेवटच्या आजारात ते सांगत होते, "सिदबाला बोलाव." एकदा नाही, बऱ्याचदा. मी "सांगतो" म्हणायचो. मी निरोप दिला नाही. ते दोघं समोरासमोर बसले, तर बोलता बोलता टाकीवर येतील आणि तिथून माझ्यावर, याचं मला भय होतं. त्या वयात, त्या अवस्थेत तात्यांनी मला काय केलं असतं? काही नाही. तरी मी निरोप दिला नाही. माती झाली, पुण्यानुमोदन झालं. तात्या गेल्याचं कळवूनही सिदूदादा आला नाही. लोक म्हणाले, ज्यानं सांभाळलं त्याच्या मातीलाही आला नाही. मी तेही ऐकून घेतलं.

या उन्हाळ्यात मी इंदापूरला गेलो. शाळेला सुट्टी होती, बस त्याच्या दारात उभी होती. सिदूदादाचे केस पांढरे झालेत. "ये," म्हणाला, खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कॅन, खडा, पोतं, 'असंल'. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाला, "काकवी व्हय," आणि हसायला आल्यासारखं त्याचं तोंड झालं, पण हसला नाही.

मग विचारलं, "मामांनी कदी नाव काढलं माझं?"

मला इथं थांबता आलं असतं. मी म्हणालो, "आजारात रोज काढत व्हते. तुला बोलाव म्हणायचे. मी बोलावलं न्हाय."

तो उठून उभा राहिला. त्याला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. "आरं, मला वाटलं मामाला मी जड झालो! बहिणीचं पोर किती दिवस पोसायचं, म्हणून गाडीचं निमित्त केलं, आसं वाटलं मला. एवढी वर्सं मी त्यांना तसलं समजत हुतो. मातीला आलो न्हाय मी, मिलिंदा. रागानं आलो न्हाय. चोर म्हणलं त्याचं मला काय न्हाय रं. तू माझा मामा खाल्लास."

आतून त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. मी मान खाली घालून म्हणालो, "माफी मागायला आलोय असं न्हाय. तुला म्हाईत असावं म्हणून…"

"मला सांगून काय? मामीला लाव फोन. आत्ता. माझ्यासमोर सांग."

मी लावला. आईला आता ऐकू कमी येतं, त्यामुळं मला सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असं. काकवीचा कॅन म्हणालो तेव्हा तिनं "कंचा?" विचारलं. सांगितलं. तात्यांचा निरोप दिला नाही, तेही सांगितलं. मग तिनं एवढंच विचारलं,

"सिदू तितं हाय?"

"हाय."

"त्येच्याकडं दी."

सिदूदादानं फोन घेतला, कानाला लावला आणि "मामी" म्हणाला. तो तसाच बसपर्यंत चालत गेला आणि तिच्या पायरीवर बसला, आमच्याकडं पाठ करून. आई काय बोलत होती, मला ठाऊक नाही. तो नुसता मान हलवत होता, ती समोर असल्यासारखी. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला दिला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्यास्नी आता येळ लागंल. तुमी निघा."

मी पाणी प्यालो आणि निघालो. फोन माझा होता. मागितला नाही.